क्यू-स्कूलला उतरायची वेळ झाली, हे कशावरून ओळखायचं?

पुण्यातल्या एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा 19 वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत असल्यापासून येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर गोल्फ खेळतोय. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), शून्याच्याही पलीकडे गेला आहे, प्लस वन. आता त्याला पुढच्या क्यू-स्कूलला, म्हणजे व्यावसायिक टूरवर खेळायचं कार्ड देणाऱ्या पात्रता स्पर्धेला, बसायचंय आणि पूर्ण वेळ सरावासाठी कॉलेज सोडायचंय. घरात यावरून दोन गट पडलेत. त्या विचारतात: तो खरंच तयार आहे का, खर्चाचा अंदाज कसा बांधायचा, आणि एकदा कार्ड मिळालं की तो मार्गी लागला असं समजायचं का?

ताई, मी आधी टूरवर खेळलो, आता बरीच वर्षं पुण्यात मुलांना शिकवतोय आणि त्यातल्या काहींची बॅग खांद्यावर घेऊन क्वालिफाइंगला गेलोय. त्या अनुभवावरून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीचं उत्तर तिच्यावरच उभं आहे. तुमचा मुलगा चांगल्या दिवशी किती भारी खेळतो, याला क्यू-स्कूलमध्ये फारसं महत्त्व नाही. वाईट दिवशी तो किती घसरतो, यावर कार्ड ठरतं. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि तिथं आलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी एका फेरीत 66 मारलेले असतात. 79 न मारणारे मात्र थोडे असतात.

आता हँडिकॅपकडे बघू, कारण घरात सगळा भरवसा त्या प्लस वनवर दिसतोय. 2020 पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या 8 फेऱ्यांची सरासरी धरतात. उरलेल्या 12 फेऱ्या हिशेबात येतच नाहीत. बारावीच्या मुलानं वीस चाचण्यांतले आठ चांगले पेपर तेवढे घरी दाखवावेत, तसं हे आहे. शिवाय एका होलवर किती फटके धरायचे यालाही मर्यादा असते. नेट डबल बोगीच्या, म्हणजे तुमच्या मुलासाठी साधारण पारपेक्षा (होलला ठरलेल्या फटक्यांपेक्षा) दोन जास्तच्या, वरचे फटके हँडिकॅपसाठी कापले जातात. पार चारच्या होलवर बॉल दोनदा हद्दीबाहेर गेला आणि आठ लागले, तर तुमच्या मुलाच्या हँडिकॅपला ते जेमतेम सहा दिसतात. क्यू-स्कूलच्या स्कोअरकार्डावर आठचे आठच राहतात. म्हणजे ज्या चुकीमुळे टूरचं कार्ड हातचं जातं, नेमकी तीच चूक हँडिकॅपमध्ये लपलेली असते. पद्धत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वेगवेगळ्या ताकदीच्या लोकांना एकत्र खेळता यावं म्हणून ती केली आहे आणि ते काम ती उत्तम करते. प्रोफेशनल होण्याची तयारी मोजण्यासाठी ती केलेलीच नाही.

म्हणून मुलाला एक वही घ्यायला सांगा. शेवटच्या 20 फेऱ्या, प्रत्येक फटका मोजून, काहीही न कापता तिच्यात लिहायच्या. मित्रांबरोबर खेळताना दोन फुटांचा पट, म्हणजे होलजवळचा हळू फटका, न मारताच ‘ओके’ म्हणून उचलला असेल तर ती फेरी धरायची नाही. रविवारी सकाळच्या चौकडीत असे ओके सर्रास दिले जातात, आणि त्यातले काही पट स्पर्धेत चुकतात. फेऱ्या पुरत नसतील तर आणखी खेळून पुऱ्या करायच्या, घाई नाही. मग त्यातल्या सर्वांत वाईट पाच बाजूला काढायच्या आणि त्याच नीट वाचायच्या. पाचही 75-76 च्या आसपास असतील, तर आपण बोलायला बसू. त्यात 80, 82 असे आकडे असतील, तर मग 67 कितीही वेळा मारलेले असोत, अजून वर्षभराचं काम बाकी आहे.

एक साधा हिशेब करून बघा. पार 72 च्या कोर्सवर एक मुलगा चार दिवस 71, 72, 70 आणि 79 मारतो. दुसरा चारही दिवस 73. बेरीज दोघांचीही 292, म्हणजे पारच्या चार वर. पहिल्याचे तीन दिवस दुसऱ्यापेक्षा सरस होते, त्याच्या फटक्यांचा आवाज ऐकून लोक सरावाच्या रेंजवर थांबले असतील, तरी शेवटी दोघं एकाच ओळीत. आणि बहुतेक वेळा त्या 79 मध्ये दिवसभराचा वाईट खेळ नसतोच. तीन होल असतात. ड्रायव्हरनं, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबनं, मारलेला एक फटका हद्दीबाहेर, एकदा झाडातून फट शोधून मारायचा हट्ट, आणि एकदा तीन पट होऊन आलेल्या रागात पुढच्या टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, मारलेला फटका.

क्यू-स्कूलचा ढाचा समजून घ्या, म्हणजे हे का म्हणतोय ते कळेल. आपल्याकडे पुरुषांची मुख्य टूर प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय. ती 2006 मध्ये सुरू झाली. हंगामाच्या आधी तिचं क्वालिफाइंग होतं. आधी प्री-क्वालिफाइंगच्या दोन फेऱ्या, 36 होल. त्यातून वर आलेले अंतिम टप्प्यात चार फेऱ्या खेळतात, 72 होल. त्यातल्या पहिल्या साधारण तीस-पस्तीस जणांना कार्ड मिळतं. नेमक्या जागा, कोर्स आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात येतात. ते पत्रक मुलानं स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं, वडिलांनी वाचून त्याला सांगू नये.

लक्षात घ्या, अंतिम टप्प्यात नवखी पोरंच असतात असं नाही. आदल्या हंगामात कमाईच्या यादीत पहिल्या साठात न आल्यामुळे कार्ड गेलेले अनुभवी खेळाडू तिथं परत येतात. तुमच्या मुलाच्या गटात चाळिशीचा एखादा माणूस असेल. त्याचा ड्रायव्हर मुलापेक्षा तीस यार्ड मागे पडेल आणि तो दिवसभरात एकही डबल बोगी करणार नाही. अशा माणसाबरोबर चार तास चालणं हे मोठं शिक्षण असतं, पण ते क्यू-स्कूलच्या आधी मिळालेलं बरं. लष्करी कोर्सवरचे जुने खेळाडू, क्लबातले वरिष्ठ कॅडी, यांच्याबरोबर त्याला आत्तापासून खेळू द्या. बऱ्याच क्लबांत सोमवारी कोर्स सभासदांना बंद असतो आणि कॅडी खेळतात. कॅडींच्या खेळाला कमी लेखणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय प्रोफेशनल अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच वाढले होते. उसन्या क्लबनं, एका जुन्या बॉलवर अख्खी फेरी काढणारी ही माणसं बॉल हरवणं परवडत नाही म्हणून जपून खेळायला शिकतात. ते जपणं तुमच्या मुलाच्या अंगात यायला हवं.

शेवटच्या दिवशी हे सगळं मैदानावर कसं दिसतं, त्याचा एक प्रसंग सांगतो. माझा एक विद्यार्थी अंतिम टप्प्यात रेषेच्या जवळपास होता, नेमका कुठे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. सोळावा होल, पार तीन, 178 यार्ड. झेंडा उजवीकडे पुढं, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, काठापासून चार पावलांवर. त्याच्या आधी खेळणाऱ्यानं सरळ झेंड्यावर मारला. बॉल बंकरच्या वरच्या ओठाखाली रुतला आणि त्याला पाच लागले. माझ्या विद्यार्थ्यानं एक नंबर मोठा क्लब काढला, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, मध्यापासून थोडा डावीकडे रोख धरला आणि बॉल पस्तीस फुटांवर ठेवला. पहिला पट दोन फुटांवर आला. त्यानं मार्क केलं, बॉल पुसला, दुसऱ्याचं खेळून होईपर्यंत थांबला आणि दोन फुटांचा पट आत टाकला. तीन. सतराव्याकडे जाताना तो नाराज होता. ‘सर, जवळ मारला असता तर बर्डी होती.’ म्हणजे पारपेक्षा एक कमी. मी त्याला पाणी प्यायला लावलं आणि पुढच्या टीवरचं अंतर सांगितलं. बाकी काही बोललो नाही.

अठराव्यानंतर स्कोअरकार्ड द्यायच्या टेबलाशी तो बसला, समोर त्याचा मार्कर, म्हणजे त्याचा स्कोअर लिहिणारा सोबतचा खेळाडू. मी दोरीच्या बाहेर उभा. तो एकेक होल बोटानं धरून पुटपुटत वाचत होता. सातव्यावर मार्करनं चार लिहिले होते. त्याला पाच लागले होते. त्यानं तिथंच थांबून ते दुरुस्त करून घेतलं, मग सही केली. घाईनं सही करून ते कार्ड तसंच दिलं असतं तर तो स्पर्धेतून बाद झाला असता, कारण एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा असलेलं सही केलेलं कार्ड म्हणजे बाद. बेरीज चुकली तर ती समितीची जबाबदारी, होलचा आकडा मात्र खेळाडूची. त्या दिवशी त्याला एका फटक्यानं टूरचं कार्ड मिळालं. सोळाव्यावरचे ते तीन आणि सातव्याचे प्रामाणिक पाच, दोन्ही त्याच्या घडणीचेच भाग होते.

नियमांचं आणखी थोडं, कारण यात गेलेला फटका सरावानं परत येत नाही. बॅगेत 14 क्लब, एकही जास्त नाही. आदल्या रात्री रेंजवर वापरून बघितलेली जादा वेज बॅगेत राहते आणि पहिल्या होलवर ध्यानात येते, हे घडतं. टी टाइमला पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्यापुढं बाद. बॉल शोधायला तीनच मिनिटं. म्हणून शंका आली की टीवरूनच प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा दुसरा बॉल, मारायचा, ‘सापडेल’ म्हणत चालायला लागायचं नाही. मुलाला नियमांचं पुस्तक पाठ नसलं तरी चालेल, पण अडचणीत दोन्ही हात वर करून रेफरीला बोलवायची लाज वाटता कामा नये.

पुण्याच्या मुलांना एक वेगळी गोष्ट सांभाळावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. इथल्या हवेत बॉल सखल गावांपेक्षा दोनेक टक्के जास्त जातो. 150 यार्डांच्या फटक्याला तीनेक यार्ड. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण झेंडा पुढच्या काठाला असेल आणि समोर पाणी असेल, तर तीन यार्ड म्हणजे ग्रीन की पाणी एवढाच प्रश्न उरतो. त्यात हिवाळ्यातली सकाळ थंड असली की बॉल आणखी कमी जातो. अहमदाबाद, कोलकाता, जमशेदपूर ही सगळी गावं पुण्यापेक्षा बरीच खाली आहेत. येरवड्यात जुळवलेली अंतरं तिथं डोळे झाकून वापरायची नाहीत. पोहोचल्याच्या दिवशी रेंजवर प्रत्येक क्लबचं जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर पुन्हा तपासायचं आणि नवा कागद करायचा. उत्तरेकडे हिवाळ्यात धुक्यामुळं सुरुवात लांबते, फेरी अर्धी राहून दुसऱ्या दिवशी पुरी होते. पहाटे उठून तीन तास नुसतं थांबायचं, मग अचानक खेळायचं, याची सवय नसलेली मुलं पहिल्या तीन होलवर विस्कटतात.

घरच्या कोर्सची सवय मोडण्यासाठी सध्या पुण्यातच सोय आहे. बावधनकडच्या ऑक्सफर्ड गोल्फ कोर्सच्या डोंगरउतारावर खेळा, लष्करी कोर्सवर ओळखीनं परवानगी मिळत असेल तर तिथं खेळा. पावसाळ्यात फेअरवे ओले असतात, बॉल पडतो तिथं थांबतो. जानेवारीत जमीन टणक होते आणि तोच बॉल पळत रफमध्ये जातो. वर्षभरात या दोन्हींत स्कोअर कितीनं बदलतो तेही त्या वहीत दिसलं पाहिजे.

क्यू-स्कूलच्या आधीच्या सरावफेरीत काय करायचं, हे मुलं हमखास चुकीचं समजतात. ती फेरी स्कोअरसाठी नसते. त्या दिवशी झेंडा कुठं आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, कारण स्पर्धेत तो तिथं नसणार. प्रत्येक ग्रीनवर चार कोपऱ्यांत टी खोवून त्यांच्याकडं पट मारायचे, उतार समजून घ्यायचा. ग्रीनच्या चारही बाजूंनी एकेक चिप करायची आणि ठरवायचं की कोणत्या बाजूला चुकलं तर पार वाचतो आणि कोणत्या बाजूला कधीच जायचं नाही. यार्डेज बुकात प्रत्येक होलवर ‘नको’ ती बाजू लाल पेननं खुणावून ठेवायची. टीवरून कोणता क्लब मारायचा ते त्याच दिवशी ठरवायचं, आणि स्पर्धेत मित्र ड्रायव्हर मारतोय म्हणून ते बदलायचं नाही. माझा अनुभव असा की तिसऱ्या दिवशी दुपारी थकल्यावर माणूस नव्यानं विचार करू शकत नाही, आधी लिहून ठेवलेलं तेवढं पाळू शकतो.

आता खर्च. मी आकडा देणार नाही, कारण प्रवेश शुल्क दरवर्षी जाहीर होतं आणि हॉटेल-प्रवासाचे भाव तुम्हाला माझ्याइतकेच कळतात. पण हिशेब कसा मांडायचा ते सांगतो. लोक क्यू-स्कूलच्या आठवड्याचा खर्च मांडतात: प्रवेश शुल्क, सरावफेरीची फी, कॅडी, प्रवास, राहणं, जेवण. हा खर्च त्यातल्या त्यात छोटा असतो. खरा खर्च कार्ड मिळाल्यानंतर सुरू होतो, कारण मग असे आठवडे हंगामभर येत राहतात, आज चंडीगड, पुढच्या आठवड्यात बंगळूरु. पीजीटीआयच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर कट लागतो. पहिले 50 आणि त्यांच्या बरोबरीचे पुढं खेळतात, त्यांनाच पैसे मिळतात. एक कोटी बक्षिसाच्या स्पर्धेत विजेत्याला 15 लाख मिळतात, ही बातमी पेपरात येते. त्याच आठवड्यात कट चुकलेली निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्या फेरीनंतर स्वतःच्या खर्चानं घरी जातात, त्याची बातमी येत नाही. म्हणून क्यू-स्कूलला उतरण्याआधी, एक रुपयाही बक्षीस मिळालं नाही असं धरून, पूर्ण हंगामाचे पैसे बाजूला असायला हवेत. काही घरातून, काही प्रायोजकाकडून, काही क्लबातल्या मदत करणाऱ्या सभासदांकडून, कसेही. घर गहाण ठेवून मात्र कोणी हे करू नका. ते ओझं मुलाच्या खांद्यावर बसतं आणि चार फुटांच्या पटवर हात कापतात. हे मी जवळून पाहिलंय.

तिसरा प्रश्न, कार्ड मिळालं की मार्गी लागला का. नाही. कार्डामुळं टूरवर खेळण्याची पात्रता आणि यादीतला एक क्रमांक मिळतो. क्यू-स्कूलमधून आलेल्यांचा क्रमांक आदल्या वर्षी कार्ड राखलेल्यांच्या खाली असतो, त्यामुळं लहान स्पर्धेत सगळ्यांनाच जागा मिळेल असं नसतं. म्हणून क्यू-स्कूलमध्ये पाचवं येणं आणि शेवटच्या जागेवर येणं यात फरक पडतो, आणि रेषेच्या आत आलोय असं वाटलं तरी शेवटच्या होलपर्यंत फटका वाचवायचा असतो. राखीव यादीतल्यांनीही बॅग भरलेली ठेवावी. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला गेला तो अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतल्यावर जागा मिळाली म्हणून. जागा कुणाच्या का कारणानं रिकामी होईना, ती घ्यायला आपण तयार असणं तेवढं आपल्या हातात असतं.

वर जायचे रस्ते आता पूर्वीपेक्षा जास्त आहेत, हे मात्र आनंदानं सांगतो. पीजीटीआयच्या कमाईच्या यादीत पहिल्या येणाऱ्याला आता थेट डीपी वर्ल्ड टूरवर, म्हणजे जुन्या युरोपियन टूरवर, जागा मिळते. 2023 मध्ये महूचा ओम प्रकाश चौहान आणि 2024 मध्ये वीर अहलावत असेच तिकडं गेले. पूर्वी यासाठी परदेशी क्यू-स्कूल हाच मुख्य रस्ता होता. जीव मिल्खा सिंग 1997 मध्ये युरोपियन टूरच्या क्यू-स्कूलमधून पुढं आला आणि त्या टूरचं कार्ड मिळवणारा पहिला भारतीय ठरला. अर्जुन अटवालनं 2003 मध्ये अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड क्यू-स्कूलमधूनच मिळवलं. त्याच अटवालचं कार्ड 2010 मध्ये गेलं. काही आठवड्यांत तो त्याच टूरवरच्या विंडम चॅम्पियनशिपच्या सोमवारच्या क्वालिफाइंगला, म्हणजे उरलेल्या मोजक्या जागांसाठीच्या चढाओढीला, बसला, जागा मिळवली आणि ती स्पर्धाच जिंकली. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय. सोमवारी क्वालिफाय होऊन त्याच आठवड्यात जिंकण्याची ती 1986 नंतरची पहिलीच वेळ होती. कार्ड गेलेला माणूस हे करू शकतो, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी सांगतो.

परदेशी क्यू-स्कूलचा विचार मात्र आत्ता नको. डीपी वर्ल्ड टूरचा अंतिम टप्पा सहा फेऱ्यांचा असतो, 108 होल, त्यातल्या चारनंतर कट, आणि कार्ड पहिल्या वीसेकांना. पीजीए टूरनं 2013 ते 2022 या काळात क्यू-स्कूलमधून थेट कार्ड देणं बंदच ठेवलं होतं. 2023 पासून परत सुरू केलं, तेही पाचच जागांसाठी, आणि तिथली सगळ्या टप्प्यांची फी काही हजार डॉलरांत जाते. घरच्या टूरवर सलग कट पार होऊ लागले की मग या रस्त्याचं बोलू.

आणि मग कॉलेज. ते सोडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजचं कॉलेज सरावाच्या आड येत असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. पुरं करता येतं, परीक्षेचे दिवस तेवढे सांभाळायचे. मुलाला वाटतंय की दिवसाला आठ तास मिळाले की खेळ सुधारेल. आठ तासांतले पाच तास तो रेंजवर बॉल मारण्यात घालवेल हे मला माहीत आहे, सगळेच घालवतात. त्याला कमी पडतंय ते वेगळंच असणार आहे. शंभर यार्डांच्या आतला खेळ आणि सहा फुटांचे पट, यासाठी रोजचे तीन तास मन लावून दिले तर पुरे होतात.

प्रोफेशनल व्हायची घाईही नको. बऱ्याच टूरवर अमॅच्युअर, म्हणजे हौशी, राहून क्यू-स्कूल खेळता येतं, आणि कार्ड मिळाल्यावर प्रो व्हायचं की नाही हे ठरवता येतं. अदिती अशोकनं तेच केलं. डिसेंबर 2015 मध्ये मोरोक्कोत लेडीज युरोपियन टूरचं क्यू-स्कूल ती अमॅच्युअर म्हणून खेळली, 17 व्या वर्षी तिथं पहिली आली आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला प्रो झाली. मुलगी असो वा मुलगा, हा क्रम चांगला. एकदा प्रो झालं की इंडियन गोल्फ युनियनच्या अमॅच्युअर स्पर्धा बंद होतात आणि परत अमॅच्युअर व्हायला अर्ज करून वाट बघावी लागते.

तर या वर्षासाठी माझा सल्ला असा. पहिले तीन महिने वही. त्यासोबत युनियनच्या अमॅच्युअर स्पर्धा, शक्यतो पुण्याबाहेरच्या, वेगळं गवत, वेगळी उंची, अनोळखी कॅडी. तिथं चार फेऱ्यांच्या स्पर्धेत सलग कट पार होऊ लागला आणि वाईट दिवस 76 च्या आत राहू लागला, की प्री-क्वालिफाइंगचा फॉर्म भरा. प्री-क्वालिफाइंगला मी किंवा दुसरा कोणी शिक्षक सोबत असावा, बाबांनी बॅग उचलू नये. बाबा प्रेमानं उचलतात, पण प्रत्येक चुकीनंतर मुलगा आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघतो.

पहिल्या वेळी बहुतेकांना कार्ड मिळत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. त्या दिवसांची स्कोअरकार्डं वहीत चिकटवायची, कोणत्या होलवर किती गेले ते लिहायचं आणि पुढच्या वर्षाचं वेळापत्रक त्यावरून आखायचं. पण सुरुवात करतानाच घरात बसून एक मुदत ठरवा. मी तीन हंगाम सुचवतो. तीन हंगामांत तो कमाईच्या यादीत पहिल्या साठाच्या आसपास पोहोचत असेल, तर त्याला आणखी वेळ द्या. नसेल, तर तोवर डिग्री हातात असेल. शिवाय नॅशनल गोल्फ ॲकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम आहेत. टूरवर खेळून आलेले शिक्षक आपल्याकडं अजून फार कमी आहेत आणि पुण्यातच शिकू पाहणारी मुलं वाढत चालली आहेत. ही मुदत त्याच्यावर लादू नका, त्याच्याकडूनच लिहून घ्या. वही भरली की घेऊन या. सोबत त्या पाच वाईट फेऱ्यांची मूळ स्कोअरकार्डंही आणा, बेरजा नकोत, मला होल बघायचेत.